‘पालु कावाला?’ आणि वेगळी कपबशी

देगलूर हे तीन भाषांच्या शिवेवरचे गाव. एका अंगाला तेलंगणातील मदनूर, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातील औराद तालुका. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे देगलूरच्या माणसाला तेलुगू फारशी परकी वाटत नाही. फजिती होते ती लातूर-परभणीकडून दवाखान्यासाठी किंवा कामासाठी निजामाबाद, हैदराबादला जाणाऱ्यांची. हॉटेलातला पोऱ्या विचारतो, ‘पालु कावाला?’ आपल्या माणसाला पाल आणि कावळा एकदमच ऐकू येतात! पोऱ्या बिचारा दूध हवे का, एवढेच विचारत असतो. वरणाला तिकडे ‘पप्पु’ म्हणतात. वाढप्याने तो शब्द उच्चारला की आपला पाहुणा मागे वळून कुणाचा पोरगा आला ते बघतो.

सर्वांत मोठी गंमत ‘चालु’ची. तेलुगूत त्याचा अर्थ ‘पुरे’. आपला भुकेला माणूस ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणतो आणि वाढपी पळी मागे घेतो. उलट तेलुगू पाहुणा आपल्याकडे जेवायला बसला आणि ताटावर हात धरून ‘चालु, चालु’ म्हणाला, तर त्याच्या पानात आणखी दोन मुठी भात पडतो.

आता आपली मुले राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन त्याहून लांब जातात. इंग्लंडमध्ये न्याहारीला ‘ब्लॅक पुडिंग’ मिळते. पुडिंग म्हणजे गोड काहीतरी, असे समजून नवखा माणूस ते मागवतो. ते निघते डुकराचे रक्त घालून केलेले सॉसेज. आमच्या आज्यांनी चुलीवर रक्ती शिजवली, तेव्हा गावाने नाके मुरडली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या या स्वयंपाकाची नोंद केली नसती, तर ती चव पुढच्या पिढीला कळलीही नसती. इंग्रजाच्या टेबलावर मात्र रक्ताचा पदार्थ चिनी मातीच्या बशीत, सुरी-काट्यासह येतो आणि त्याबद्दल कुणी त्याची जात काढत नाही.

या किश्श्यांना आम्ही मनमोकळे हसतो, कारण शब्द चुकला तरी ताट समोर येते. पण जिथे शब्द बरोबर होता तिथले काय?

१९०१ साली बालवयातील भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने त्यांना ब्राह्मणाची मुले समजले. मुलाने खरे सांगितले आणि मास्तरचा चेहरा पालटला. रात्री नाक्यावर पोचल्यावर डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी नव्हते. महार म्हटले तर पाणी मिळणार नाही, म्हणून मुसलमान असल्याचे सांगून भीमरावांनी नाकेदाराकडे उर्दूत पाणी मागितले. उर्दू अगदी शुद्ध होती, नाकेदाराला शब्दन् शब्द कळला, तरीही पाणी मिळाले नाही. मुले रात्रभर उपाशी राहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त हे सगळे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. स्वतःच्याच देशातील अनुभव सांगणाऱ्या लेखनाला व्हिसाचे नाव शोभते, हे आपल्या देशाचे दुर्दैव!

गावच्या हॉटेलात आमच्या बापजाद्यांनी भिंतीच्या खुंटीवरची वेगळी कपबशी स्वतः विसळून चहा घेतला. पलीकडच्या तेलुगू मुलखातही दोन ग्लासांची रीत होती. मालक आणि गिऱ्हाईक एकाच भाषेत बोलत होते. ‘कोण गावचा, कुणाचा?’ या प्रश्नाचा अर्थ दोघांनाही नीट कळत होता. म्हणूनच घटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घालावी लागली, आणि तरीही १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. अमेरिका आणि युरोपातील वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीव मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी नोंदवले आहे. त्याच अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला. तिथल्या कायद्यात ‘कास्ट’ हा शब्द लिहिण्याची वेळ आणणारी जात तिथे कुणी नेली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.