आयव्हीएफकडे केव्हा वळावे? वय, निदान आणि खर्चाचा तिढा

नवी दिल्ली : मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या दाम्पत्यापुढे एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. साध्या उपचारांवर आणखी काही महिने थांबावे, की आयव्हीएफसारख्या प्रगत उपचारांकडे वळावे? घाई केल्यास लाखो रुपये आणि शरीरावरचा ताण अनाठायी ठरू शकतो. उशीर झाल्यास गेलेली वर्षे कोणतेही तंत्रज्ञान परत देऊ शकत नाही. भारतात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा वैद्यकीय निकषांपेक्षा, दाम्पत्य आधी कोणत्या दवाखान्यात पोहोचले यावर ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे दर सहांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. नियमित प्रयत्न करूनही १२ महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास तपासणी करावी, असा सर्वमान्य संकेत आहे. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास ही मुदत सहा महिन्यांची मानली जाते आणि चाळिशीनंतर थांबूच नये, असे तज्ज्ञ सांगतात.

निर्णयाची पहिली पायरी म्हणजे दोघांचेही निदान. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी असूनही संकोचापोटी ती अनेकदा शेवटी होते. तोवर पत्नीवर महिनोन्महिने औषधोपचार झालेले असतात. दोन्ही गर्भनलिका बंद असतील, तर गर्भाशयात शुक्राणू सोडण्याच्या, म्हणजेच आययूआयच्या, फेऱ्या करण्यात अर्थ नसतो. जननेंद्रियांचा क्षयरोग हे त्यामागील भारतातील एक महत्त्वाचे कारण आहे. शुक्राणूंची संख्या अत्यल्प असल्यासही थेट इक्सीचा मार्ग सुचवला जातो.

याउलट, पीसीओएसमुळे स्त्रीबीज वेळेवर तयार होत नसेल, तर साध्या गोळ्यांनी बरेच साधते. अमेरिकेत ७५० महिलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के महिलांना अपत्यप्राप्ती झाली; जुन्या क्लोमिफेन औषधाबाबत हे प्रमाण १९.१ टक्के होते. भारतात वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर २०११ मध्ये बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली.

खरा पेच आहे तो सर्व चाचण्या निर्दोष येऊनही गर्भ न राहणाऱ्या दाम्पत्यांचा. आययूआयच्या एका फेरीत यशाची शक्यता साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असते आणि बहुतेक यश पहिल्या तीन-चार फेऱ्यांतच मिळते. त्यानंतर तोच उपचार चालू ठेवणे म्हणजे बहुतांशी वेळ दवडणे. अशा दाम्पत्यांबाबत तज्ज्ञांतही एकमत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये दोन वर्षे नैसर्गिक प्रयत्न आणि नंतर आयव्हीएफ असा क्रम सुचवला, तर युरोपीय तज्ज्ञ संघटनेने २०२३ मध्ये औषधांसह आययूआयला पहिली पसंती दिली. ३८ ते ४२ वयोगटात मात्र थेट आयव्हीएफ केल्यास कमी फेऱ्यांत गर्भधारणा होते, असे २०१४ च्या अमेरिकी चाचणीत दिसले.

तरीही आयव्हीएफ हा वाढत्या वयावरचा उतारा नव्हे. ब्रिटनमधील आकडेवारीनुसार स्वतःचे स्त्रीबीज वापरल्यास प्रत्यारोपित गर्भामागे अपत्यजन्माचे प्रमाण पस्तिशीच्या आत सुमारे ३५ टक्के असते. ४३-४४ व्या वर्षी ते पाच टक्क्यांच्या घरात येते. भारतीय कायद्याने स्त्रीसाठी उपचाराची कमाल वयोमर्यादा ५० ठेवली असली, तरी शरीराची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी येते. दुसरीकडे, एएमएच चाचणीचा कमी आकडा दाखवून तरुण दाम्पत्यांना घाबरवणेही अशास्त्रीय आहे. ही चाचणी शिल्लक स्त्रीबीजांच्या संख्येचा अंदाज देते, नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता सांगत नाही.

जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनी केंद्रांचे दोन स्तर केले आहेत. पहिल्या स्तरावर केवळ आययूआय करता येते, दुसऱ्या स्तरावर आयव्हीएफही. या रचनेत एक धोका दडलेला आहे. पहिल्या स्तरावरील केंद्राला रुग्ण पुढे पाठवण्यात आर्थिक हित नसते आणि महागडी प्रयोगशाळा उभारलेल्या केंद्राला रुग्ण थांबवण्यात.

खासगी केंद्रांत आयव्हीएफच्या एका फेरीचा खर्च साधारण दीड ते अडीच लाख रुपये येतो आणि एका फेरीत यशाची हमी नसते. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवर्जन यादीत वंध्यत्वावरील उपचार असल्याने बहुतेक पॉलिसी हा भार उचलत नाहीत. गोव्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू केली. अशी सोय देशात अद्याप मोजकीच आहे.

उपचारांचे फायदे, तोटे, खर्च, जोखीम आणि यशाची शक्यता समजावून सांगणे कायद्याने केंद्रांवर बंधनकारक आहे. हे समुपदेशन कागदावर न राहता पहिल्या फेरीआधीच ‘किती फेऱ्या, कोणत्या टप्प्यावर फेरविचार आणि कुठे थांबायचे’ याचा लेखी आराखडा दाम्पत्याच्या हाती पडला, तर पुढच्या पायरीचा निर्णय भीतीपोटी किंवा भिडेपोटी घ्यावा लागणार नाही.