चिन्ह कोणासाठी?

परवा शनिवारी मित्राबरोबर लालबागच्या एका साइटवर गेलो होतो. जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. मित्र इलेक्ट्रिकलची ड्रॉइंग्ज सांभाळतो आणि सॉफ्टवेअर अडलं की मला फोन करतो. तेवढ्यात वायरमन प्लॅन घेऊन आला. म्हणाला, "साहेब, इथे भिंतीला चिकटून लाइट कशाला?"

लाइट नव्हता तो, प्लगपॉइंट होता! गोल आणि त्यावर दोन रेघा, हे अमेरिकन चिन्ह. ड्रॉइंग रेव्हिटमधलं, सॉकेट अमेरिकन लायब्ररीतून जसंच्या तसं उचललेलं. आपला वायरमन अर्धगोल दिसला की सॉकेट समजतो. चूक त्याची नाहीच.

माझं मत सरळ आहे. चिन्ह काढणाऱ्यासाठी नसतं, वाचणाऱ्यासाठी असतं. आपल्या बोर्डात ६ अँपिअरचं सॉकेट, त्याचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर असं सगळं कुटुंब एकत्र नांदतं. गीझरचं १६ अँपिअरचं सॉकेट वेगळंच. अमेरिकेतल्या सॉकेटला बहुधा बटणच नसतं, मग हे त्या लायब्ररीत कुठून मिळणार? आपलं स्वतःचं भारतीय मानक आहे. त्याच्या आधाराने चिन्हं काढायची आणि शीटवर लेजंड द्यायचं.

"पण मॉडेलमध्ये खरं बोर्ड आहे की!" मित्र म्हणाला. आहे ना, पण १५० मिलिमीटरचं बोर्ड १:१०० च्या प्लॅनवर दीड मिलिमीटरचं होतं. म्हणजे मुंगीच! म्हणून चिन्ह जेनेरिक अ‍ॅनोटेशन फॅमिलीत काढायचं. तिथे ३ मिलिमीटरचं काढलं की प्लॅन १:५० असो वा १:१००, कागदावर ते ३ मिलिमीटरच राहतं. मग ही फॅमिली बोर्डाच्या फॅमिलीत बसवायची. बोर्ड सरकलं की चिन्हही सरकतं. प्लॅनवर नुसती चिन्हं चिकटवलीत तर बोर्ड जाईल एका भिंतीवर आणि चिन्ह राहील दुसऱ्या. आणि हो, फेस-बेस्ड फॅमिलीत 'मेन्टेन अ‍ॅनोटेशन ओरिएंटेशन'वर टिक करायला विसरू नका. नाहीतर भिंतीवर लावलेल्या बोर्डाचं चिन्ह प्लॅनमध्ये दिसतच नाही.

एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. जुन्या चाळीत वायर लाकडी पट्टीवरून उघड्यावर धावायची. कुठून कुठे गेलीय ते शेंबडं पोरही सांगायचं. टॉवरमध्ये ती प्लास्टरच्या आत गडप होते. वीस वर्षांनी कुणीतरी गणपतीच्या मखरासाठी त्याच भिंतीत ड्रिल घालणार आहे. आत काय आहे हे तेव्हा फक्त ड्रॉइंगला ठाऊक असेल, आणि तेही परक्या खुणांत बोलत असेल तर काय उपयोग?

असो. रविवार दोघांचा लायब्ररी बदलण्यात गेला. पंख्याचं चिन्ह अजून राहिलंय.