युनिट म्हणजे किती हंडे?

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' नावाचा धडा आहे. मुले तो पाठ करतात, परीक्षा देतात आणि विसरतात. वास्तविक पंपाच्या दुकानात जाण्यापूर्वी वडिलांनीही तो वाचावा, असा आहे.

भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे धरणांचे तालुके. भाटघरच्या वीजघराची क्षमता 16 मेगावॅट. तरीही वरच्या वाड्यांतल्या बायकांना उन्हाळ्यात हंडा घेऊन चढ चढावा लागतो. हंड्यात 15 लिटर पाणी, म्हणजे 15 किलो. विहीर वाडीच्या 30 मीटर खाली आहे असे धरा. वजन, उंची आणि गुरुत्वत्वरणाचा आकडा 9.8 यांचा गुणाकार केला की कार्य निघते, 4,410 ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार करून पहा, एका युनिटात 816 हंडे वर चढतात! बाईने स्वतःचे शरीर वर नेले, ते यात धरलेलेच नाही. आणि सपाट वाटेवर हंडा कोसभर वाहिला, तर पुस्तकाच्या हिशेबाने गुरुत्वाविरुद्धचे कार्य शून्य. (हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नये.)

आता शक्ती. हंडा दहा मिनिटांत वर नेला काय आणि अर्ध्या तासात नेला काय, कार्य तेवढेच. एका सेकंदात किती कार्य झाले, ती शक्ती. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट, आणि 746 वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. आपण ऊर्जा आणि शक्ती या दोहोंना 'ताकद' म्हणतो, आणि मोटार घेताना गल्लत होते ती इथेच.

समजा, नदीवरून 20 मीटर उंचीवरच्या एकरभर भुईमुगाला एक लाख लिटर पाणी द्यायचे आहे. कार्य झाले 1 कोटी 96 लाख ज्यूल, म्हणजे साडेपाच युनिट. पंपात आणि नळीत निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तर मोटारीला अकरा युनिटांएवढे काम करावे लागेल. तीन अश्वशक्तीची मोटार ते सुमारे पाच तासांत करील, पाचाची तीन तासांत. काम एकच, फरक फक्त वेळेचा. त्यातही नळी जुनीच अरुंद ठेवली, तर मोठ्या मोटारीचा हा फायदा नळीच खाते, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की घर्षण जवळजवळ चौपट होते. अशा वेळी मोटारीऐवजी नळी बदलावी.

2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ आहे, मग युनिटे कशाला मोजायची, असे कोणी म्हणेल. पण मोटारीची किंमत माफ नाही. शिवाय प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा मोठी मोटार बसवली, की डीपीवर भार वाढून तो जळतो, तोही ऐन उन्हाळ्यात.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहा: उंची, रोजचे पाणी आणि वीज मिळण्याचे तास. उंचीचा आकडा अंदाजाने सांगू नका. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणा आणि घरातल्या नववीतल्या मुलीला किंवा मुलाला बरोबर घेऊन नदीपासून बांधापर्यंत टप्प्याटप्प्याने मोजत जा. पुढचा गुणाकार तीच मुले करतील.