सेन्सर अम्मीच्या दंडावर, आकडा कुणाच्या फोनवर?

पवनीची पोरं नोकरीसाठी नागपूर, पुणे, हैदराबादला गेली, की घरी काही ना काही पाठवत राहतात. आधी मिक्सर, मग स्मार्टफोन. आता त्यात शुगरच्या सेन्सरची भर पडू लागली आहे. दंडाच्या मागे चिकटवायची नाण्याएवढी चकती. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली राहते आणि तिथल्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते. एक सेन्सर साधारण दोन आठवडे टिकतो. किंमत चार-पाच हजार. वर्षभर लावायचा म्हटलं तर लाखाच्या पुढे खर्च.

मग प्रश्न येतो, घ्यायचा का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. अमेरिकेत इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा सेन्सरला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामुळे जाहिराती सगळ्यांनाच तो लावायला सांगणार. पण नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि तीन महिन्यांची सरासरी ताब्यात असलेल्या माणसाला तो बारा महिने लावण्याची गरज नाही. तेवढ्या पैशात त्याच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्या कितीतरी वर्षं पुरतील.

इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे यांची गोष्ट वेगळी. या औषधांनी साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि रमजानमध्ये हा धोका वाढतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तेरा देशांच्या पाहणीत टाइप टूच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवल्याचं दिसलं. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचं प्रमाण एरवीच्या साडेसात पट झालं होतं. आजाऱ्याने रोजे पुढे कधीतरी पूर्ण करावेत ही सवलत खुद्द कुरआनात, सूरह बकराहमध्ये आहे. ती अब्बांना माहीत असते, अम्मीलाही. तरी उत्तर ठरलेलं: ‘मला काही होत नाही.’ घाम सुटला, हात थरथरले, तर ती रोज्याची कमजोरी. वय वाढलं की अशी लक्षणंही पुष्कळदा जाणवत नाहीत.

सेन्सर खरा कामाला येतो तो इथे. शाबानमध्ये, डॉक्टरांना विचारून, एकच सेन्सर लावा आणि दोन-तीन नफिल रोजे ठेवून पाहा. दुपारी चार वाजता रेघ कुठे जाते? सहरीला भात खाल्ला तेव्हा आणि पोळी-डाळ खाल्ली तेव्हा काय फरक पडला? आपला पट्टा धानाचा, भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून हा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच महत्त्वाचा. इफ्तारचं सरबत आणि भजी रेघेला कुठे नेतात तेही कळेल. तो आलेख घेऊन रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जा. गोळीची वेळ किंवा मात्रा तेच बदलतील, आपण नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची २०२१ ची मार्गदर्शिका सांगते. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही तिच्यात आहे.

यंत्राच्या मर्यादाही आहेत. तो रक्तातली साखर मोजत नाही, म्हणून आकडा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवशी तो बरेचदा चुकतो. त्या दंडावर झोपलं तर खोटाच कमी दाखवतो. शरीर एक सांगतंय आणि फोन दुसरं, असं झालं की बोट टोचून खात्री करायची. घाम, थरथर, गुंगी असेल तर आकड्याची वाट न पाहता आधी साखर द्यायची.

मला सर्वात जास्त खटकते ती गोष्ट मात्र यंत्राबाहेरची. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही नोंदी ढिगाने साठवतो. त्या वाचायला कुणी नसेल तर त्यांचा उपयोग शून्य. सेन्सरच्या बाबतीत वाचणारा असतो, पण तो पुण्यात. अम्मी सगळ्यांच्या आधी उठून सहरी रांधते, शेवटी खाते, आणि इफ्तारला जिलेबीचा एक तुकडा तोंडात टाकला की अर्ध्या तासात मुलाचा फोन: ‘काय खाल्लंस?’ चार दिवसांत ती चकती काढून टाकते. तिचा काय दोष? आकडा आधी तिच्या फोनवर, तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात दिसला पाहिजे. अर्थ तिला समजावून सांगितला पाहिजे. आपल्याला तो पाठवायचा की नाही, हे तिने ठरवायचं. रात्री साखर उतरली तर उठवायला घरातलं कुणीतरी लागतं. त्याला इशारा जाऊ द्या, तोही तिला विचारून.

आणि ज्यांची मुलं पुण्यात नाहीत त्यांचं काय? पवनीत ग्रामीण रुग्णालय आहे. तीस वर्षांवरच्या सर्वांची साखर तपासणं हा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे. शाबानमध्ये तिथे दोन दिवस रोजेदारांसाठी वेगळी तपासणी ठेवा, गोळ्यांची फेरतपासणी करा, अशी मागणी एका अर्जाने करता येते. मोहल्ल्यातून निधी गोळा होत असेल, तर आधी पट्ट्या घ्याव्यात आणि सेन्सर फक्त इन्सुलिन घेणाऱ्या आणि घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. अर्ज रमजानच्या दीड-दोन महिने आधी द्या, चाँद दिसल्यावर नव्हे.