पटाचा बैल, वखराचा बैल

टपरीवर गाड्यांचा विषय निघाला की वाद ठरलेला. भारी कोण? शर्यतीची गाडी, की संग्रहातली रस्त्यावरची स्पोर्ट्‌स कार?

शंकरपट पाहिलेल्या नेरच्या माणसाला हे विचारून पाहा. तो हसेल. पटाची जोडी कुणी वखराला जुंपत नाही आणि वखराची जोडी कुणी पटात उतरवत नाही. बैल दोन्ही भारीच, फक्त कामं वेगळी.

मर्सिडीजची '३०० एसएलआर' घ्या. १९५५च्या मे महिन्यात स्टर्लिंग मॉसने ही गाडी इटलीच्या साध्या रस्त्यांवरून सुमारे १६०० किलोमीटर पळवली आणि 'मिले मिलिया' १० तास ७ मिनिटांत जिंकली. याच गाडीवरून कंपनीचे अभियंते उलेनहाउट यांनी छपराच्या दोन गाड्या बनवल्या. रस्त्यावर चालवायची म्हणून तिला बॅगेएवढा मोठा सायलेन्सर लावला. ही गाडी एकही शर्यत धावली नाही. तरी २०२२मध्ये त्यातली एक साडेतेरा कोटी युरोंना, म्हणजे सुमारे ११०० कोटी रुपयांना विकली गेली. आलेल्या पैशांतून तरुणांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा राहिला.

आणि शर्यतीची बहीण? मॉसच्या विजयानंतर सहाच आठवड्यांनी, ११ जून १९५५ला, ल मान्सच्या शर्यतीत अशीच एक '३०० एसएलआर' प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षाअखेर मर्सिडीजने शर्यती सोडल्या. दोन वर्षांनी 'मिले मिलिया'त एका फेरारीने मुलांसह नऊ प्रेक्षकांचा जीव घेतला. उघड्या रस्त्यावरची ती वेगाची शर्यत तिथेच संपली. चालवणारे तर जगातले निवडक ड्रायव्हर होते, बरं का!

आता आपल्या यवतमाळ-अमरावती रस्त्याकडे या. सायलेन्सर काढायचा, आरसे काढायचे आणि म्हणायचं, 'बघ, रेसिंग बाइक!' अरे भावा, शर्यतीच्या गाडीला आरसा-हॉर्न नसला तरी चालतं, कारण समोरून कापसाची गाडी येणार नसते आणि कडेला ॲम्ब्युलन्स उभी असते. तुझ्या रस्त्यावर यातलं काय आहे? रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंड भरून सुटका होते, मोडलेली मान परत मिळत नाही.

शंकरपटसुद्धा २०१४ला बंद पडला आणि २०२१च्या डिसेंबरमध्ये परत आला तो नियम, परवानगी आणि ठरलेलं मैदान घेऊनच. बैलांसाठी आपण एवढं मान्य केलं. स्वतःसाठी का नाही?

वेगाची हौस मारू नका, तिला मैदान द्या. इंजिनीअरिंगची पोरं स्वतः गाडी बांधून इंदूरजवळच्या पीथमपूरला 'बाहा' स्पर्धेत उतरतात. तिथे तुमच्या कॉलेजची टीम का नसावी? आणि घरी बाबांची जुनी बाइक धूळ खात पडली असेल, तर ती कापू नका. मूळ आहे तशी नीट करा, सायलेन्सरसकट.