माळ रिकामा नसतो

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाईचे पठार आहे. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ते याच पठारावरून. इतिहासाने त्याची नोंद घेतली. पण असे माळ आपल्या बोलण्यात आणि सरकारी कागदांवर आजही ‘पडीक’च. आणि पडीक म्हटले की झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते! राज्याच्या वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१६ मध्ये दोन कोटी होते, ते २०१९ पर्यंत ३३ कोटींवर गेले. केंद्राच्या ‘ग्रीन क्रेडिट’ योजनेत २०२४ साली हेक्टरी किमान ११०० झाडांची अट होती.

जमिनीखाली मात्र गवत आणि झाडे यांची वाटणी आधीच झालेली असते. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख वॉल्टर यांनी ती १९३९ साली आफ्रिकेतील माळरानांवरून मांडली. वरच्या थरातले पाणी गवताच्या दाट मुळांचे. त्याखाली झिरपलेले झाडांचे. वाटणी इतकी सरळ नाही, हे पुढे कळले. कोवळ्या रोपाची मुळे गवताच्याच थरात असतात आणि तेथे गवत वरचढ ठरते. उलट काही मोठी झाडे रात्री खोलातले पाणी वरच्या कोरड्या थरात सोडतात. भाऊबंदकी आहे, तशी देवघेवही आहे.

महेश शंकरन व सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतील ८५४ ठिकाणांच्या अभ्यासातून दाखवले की, वार्षिक पाऊस सुमारे ६५० मिलिमीटरहून कमी असेल तर पाणीच झाडांना आवर घालते. जास्त असेल तर वणवा आणि चराई. पन्हाळ्याला पाऊस याहून कितीतरी अधिक. मग मसाईवर रान का माजत नाही? कारण तेथे वाटून घ्यायला खोल मातीच नाही. खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भाजलेली पाटी. झाड तगते ते कातळाच्या भेगेत.

झाडांना माझा विरोध नाही. उघड्या पडलेल्या जंगलात ती लावलीच पाहिजेत. पण माळावर दाट सावली धरली तर उन्हावर जगणारे गवत मरते, आणि त्याबरोबर धनगरवाड्यांतील जनावरांचा चारा जातो. हा हिशेब लागवडीच्या आकड्यांत कोठेच दिसत नाही. खड्डा खणण्यापूर्वी दोन गोष्टी विचारायला हव्यात : येथे माती किती खोल आहे, आणि येथल्या गवतावर कोण जगते? उत्तर मिळेपर्यंत कुदळ खाली ठेवावी, हेच शहाणपणाचे.