वाटाड्यापासून दुखणे लपवू नका

वैद्यापासून आणि वकिलापासून काही लपवू नये, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. या यादीत मी आता तिसऱ्याची भर घालणार आहे. तो म्हणजे आपल्याला समुद्रात नेणारा वाटाड्या. डॉक्टर असूनही मी स्वतः केलेल्या एका चुकीतून हे शहाणपण मला आले आहे.

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यालगत, भूमध्य समुद्रात केकोवा नावाचे एक लांबट बेट आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूकंपांमुळे तेथील प्राचीन वस्तीचा काही भाग पाण्याखाली गेला. पायऱ्या आणि भिंती आजही पाण्यात दिसतात. या अवशेषांवर पोहण्यास बंदी आहे. म्हणून ते कयाक नावाच्या अरुंद, हलक्या होडीतून, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे मारीत पाहायचे. नंतर दुसऱ्या एखाद्या खाडीत डोळ्यांवर काच व तोंडात श्वासाची नळी लावून पालथे तरंगायचे आणि मासे पाहायचे. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. मुलीच्या आग्रहावरून सप्टेंबर २०२४ मध्ये आम्ही उभयता या सहलीला गेलो.

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या हाती एक छापील कागद आला. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, चालू औषधे असे प्रश्न होते. दहा वर्षे रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या मी सगळीकडे ‘नाही’ लिहिले. खरे लिहिले तर किनाऱ्यावरच बसवून ठेवतील, ही भीती होती. तरुण मंडळींसमोर थोडी लाजही वाटली. हीच लबाडी एखाद्या रुग्णाने केली असती, तर मी त्याला फैलावर घेतले असते.

दीड तास वल्ही मारली. दुपारी वारा वाढला, पण मागे पडायचे नाही या हट्टाने मी विसावा घेतला नाही आणि खाडीत पोहोचताच पाण्यात उतरलो. काही मिनिटांतच धाप लागली, खोकला सुरू झाला, नळीतून हवा पुरेनाशी झाली. डोके वर काढून मी हात हलवला. वाटाड्याने मला होडीच्या आधाराने काठावर आणले. अर्ध्या तासाने बरे वाटले, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “गोळ्या चालू आहेत का?” मी मान खाली घालून ‘हो’ म्हटले. तो म्हणाला, “आधी सांगितले असते, तरी मी तुम्हाला आणलेच असते. फक्त माझ्या जोडीच्या होडीत बसवले असते आणि पाण्यात उतरवण्याआधी विश्रांती दिली असती.”

आता यामागचे शास्त्र पाहू. गळ्याइतक्या पाण्यात शिरले की पाण्याच्या दाबाने हातापायांतील सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते. हृदयावरचा भार वाढतो. नळीतून श्वास घेताना छातीला अधिक जोर लावावा लागतो. दमलेल्या, रक्तदाब असलेल्या माणसाच्या फुप्फुसांत अशा वेळी पाणी झिरपू शकते. काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यामुळे उन्हात शरीर लवकर सुकते. काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, म्हणून माणूस लवकर थकतो. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्याची साखर वल्ही मारता मारता एकदम उतरू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बुडणारा माणूस ओरडतो, हे सिनेमात. पालथा तरंगत मासे पाहणारा आणि शुद्ध हरपलेला, हे दोघे दुरून सारखेच दिसतात. कोणावर अधिक लक्ष ठेवायचे, हे वाटाड्याला आधी ठाऊक असेल तरच तो वेळेवर पोहोचेल.

माझे मत स्पष्ट आहे. तो कागद म्हणजे परवानगीचा अर्ज नव्हे. वाटाड्याच्या हाती दिलेला तो कंदील आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही आता हौसेने स्नॉर्केलिंग चालते. तेथे कोणी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगावे.

पन्नाशी उलटलेल्यांनी आणि औषधे चालू असलेल्यांनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. वल्ही मारल्यावर श्वास शांत होईपर्यंत बसावे, पाणी प्यावे, मगच उतरावे. पोहता येत असले तरी तरंगण्याचे जाकीट घालावे आणि जोडीदाराला सोडू नये. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने श्वास घेण्याची इच्छा दबते आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. पाठ उन्हाने भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. मधुमेह्यांनी साखर जवळ ठेवावी. धाप किंवा खोकला लागला तर ताबडतोब बाहेर यावे, त्या दिवशी पुन्हा उतरू नये आणि तपासणी करून घ्यावी. मीही परतल्यावर हृदयाची तपासणी करून घेतली. सुदैवाने काही निघाले नाही.

पुढच्या खेपेला त्या कागदावर मी पहिला ‘होय’ रक्तदाबापुढे लिहीन. लाज वाटली तर वाटू दे. ती किनाऱ्यावर ओसरते, जीव मात्र परत येत नाही.